रंगिफेतूची उडी

पिरिहिराच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चांगले तीन महिने उलटले होते. तिला आता समोरच्या डोंगरावरची मेंढीच काय, मेंढीच्या पाठीवर बसलेला पक्षीसुद्धा दिसत होता. तरी डोळ्यांच्या दवाखान्याची व्हॅन तिच्या फाटकापाशी थांबायची काही बंद झाली नव्हती.

व्हॅन चालवायचा रूपेने. उभा आडवा धिप्पाड, सत्तरीला टेकलेला माणूस. सगळं आयुष्य लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक हाकण्यात गेलं, निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून खोऱ्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं काम त्याने अंगावर घेतलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलायला कमी, पण गाडी थांबवायला कारण शोधण्यात मोठा हुशार. कधी किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची पिशवी, कधी लिंबं, एकदा तर नुसता अर्धा भोपळा घेऊन दारात उभा.

“इकडून जातच होतो,” असं तो दर वेळी म्हणायचा.

पिरिहिराचं घर रस्त्याच्या अगदी टोकाला. त्यापुढे कुंपण, कुंपणापुढे गाई. इकडून जाऊन कोणी कुठे पोचत नसे.

तर असाच एकदा तो पायरीवर बसून चहा पीत होता. पिरिहिरा शेजारी बसून हाराकेके या तागासारख्या झाडाच्या पात्यांतून तंतू काढत होती. घराण्याची एक कोरोवाई, म्हणजे गोंड्यांची मानाची शाल, ती विणत होती. कोणाची पदवी असो, लग्न असो, नाहीतर कोणाला शेवटचा निरोप द्यायचा असो, घरातल्या माणसाच्या खांद्यावर ती पडणार होती. विणकाम झालं होतं, काळे गोंडे तेवढे राहिले होते.

“शनिवारी काय करताय?” रूपेनेने कपात बघत विचारलं.

“चिखल आणायला जायचंय.”

“चिखल?”

“काळा. नदीवर मिळतो, धबधब्यांच्या बाजूला. त्याच्याशिवाय गोंड्यांना रंग चढत नाही. का हो?”

“मग मी सोडतो ना. इकडून जातच असतो.”

“हा रस्ता माझ्या दारात संपतो, रूपेने.”

“हो,” तो म्हणाला, आणि त्याचे कान पिकल्या टोमॅटोसारखे झाले. “ते माझ्या लक्षात आलंय.”

पिरिहिराने मान खाली घातली नि तंतू जरा जास्तच जोरात ओढला. सदुसष्ट वर्षांच्या बाईने लाजायचं कसं, हे तिला आठवत नव्हतं. ठीक आहे, ती म्हणाली, शनिवारी सकाळी या, बादल्या आणा. दोघंच जाऊ, पटकन येऊ.

दोघंच. हा शब्द तिने उच्चारायला नको होता. कारण आत स्वयंपाकघरात तिची नात एरेना पावाला लोणी लावत होती, आणि एरेनाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

शनिवारी सकाळी रूपेने आला. दाढी तुळतुळीत, केस पाण्याने बसवलेले, शर्टाच्या बाह्यांवर इस्त्रीच्या धारदार घड्या. गाडीत दोघं फार बोललीच नाहीत. तिने उन्हाबद्दल सांगितलं, त्याने रस्त्याबद्दल. वाइहुका नदीच्या कडेने गाडी वळली, राखीव रानाची कमान दिसली, आणि पिरिहिराच्या तोंडून एक शब्द गेला, जो तिने नातवंडांना कधीच बोलू दिला नसता.

गाड्या उभ्या करायच्या जागेवर तिच्या घरच्या तीन गाड्या आधीच येऊन उभ्या होत्या. घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी मेरेआना टोपलीवरचं फडकं सारखं करत होती. भाच्या-पुतण्यांची पोरं पोहायच्या चड्ड्यांवर हुंदडत होती. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात नक्षीची काठी घेऊन, अंगात कोट घालून, भर उन्हाळ्यात, तिचा थोरला भाऊ केरेआमा उभा होता.

“एरेना!” पिरिहिरा गाडीतूनच ओरडली.

“नॅन, मी फक्त मेरेआनाआजीला सांगितलं,” एरेना म्हणाली. “आजीने बाकीच्यांना सांगितलं.”

“मी फक्त खाणं किती करायचं ते विचारलं,” मेरेआना म्हणाली.

आता यात एक अडचण होती, ती आधीच सांगायला हवी. रूपेने होता डोंगरापलीकडचा, किनाऱ्यावरचा, रंगिफेतूच्या कुळातला. सात-आठ पिढ्यांपूर्वी हा रंगिफेतू आपली टोळी घेऊन याच खोऱ्यावर चालून आला होता. पिरिहिराच्या पूर्वजांनी त्याला गढीवरून पिटाळलं, आणि पळता पळता तो वाइहुकाच्या मधल्या धबधब्यावरून खाली गेला. इथपर्यंत दोन्ही कुळांचं एकमत. पुढे मात्र फाटे फुटायचे. किनाऱ्यावरचे लोक म्हणायचे, आमच्या वीराने शत्रूच्या हातावर तुरी देत धबधब्यावरून उडी घेतली. ते त्या जागेला म्हणायचे ‘ते पेकेंगा’, म्हणजे उडी. खोऱ्यातले लोक म्हणायचे, उडी कसली, घाबरून पाय घसरला आणि दाणकन पडला. ते म्हणायचे ‘ते ताकांगा’, म्हणजे पडणं. राखीव रानाच्या पाटीवर ‘ते ताकांगा’ लिहिलेलं होतं, कारण पाटी खोऱ्यात होती. आणि केरेआमा हा त्या पडण्याचा सगळ्यात मोठा जाणकार. शाळेची सहल येवो की मंत्री येवो, तो ती गोष्ट सांगायचाच. दर वेळी रंगिफेतू थोडा अधिक वेडावाकडा पडायचा.

केरेआमाने काठी जमिनीवर आपटली आणि सभाघरासमोर पाहुण्यांचं करतात तसं रीतसर भाषण सुरू केलं. डोंगराला वंदन, नदीला वंदन, गेलेल्यांना वंदन. मग आवाज चढवून म्हणाला, “हे डोंगरापलीकडच्या पाहुण्या! तुझ्या कुळाची पावलं या वाटेला लागली त्याला फार वर्षं झाली. त्या वेळी ती पावलं जरा घाईत होती. आज आलायस तो माझ्या बहिणीच्या बादल्या घेऊन. चांगलं आहे. तुझ्या पूर्वजाच्या हातात भाला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. बादलीचा तरी होतो का बघू!”

मागे सगळे खदखदले. पिरिहिराला वाटलं, आत्ता हा गाडीत बसेल, चावी फिरवेल आणि परत कधी भोपळा घेऊन येणार नाही.

रूपेनेने बादल्या खाली ठेवल्या. टोपी काढली. त्यानेही डोंगराला वंदन केलं, नदीला केलं, दोन्हीकडच्या गेलेल्यांना केलं, शब्द न चुकता, सावकाश. मग म्हणाला, “आमची माणसं मागे आली होती, तेव्हा त्यांना जेवणाआधीच निघावं लागलं. आम्ही किनाऱ्यावरचे लोक ती गोष्ट अजून विसरलेलो नाही. म्हणून मी आज ठरवून आलोय. काही झालं तरी जेवूनच जाणार.”

मेरेआना हसू दाबायला गेली, तर नाकातून आवाज आला.

पण भाषण झालं की मागून गाणं व्हावं लागतं. बोलणाऱ्याची बायकामाणसं उभी राहून गातात, त्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. रूपेनेच्या मागे कोण होतं? एक व्हॅन. सगळे थांबून राहिले. पिरिहिरा भावाच्या नि त्याच्या मधोमध उभी होती. दोन पावलं टाकली असती तर ती त्याच्या बाजूला गेली असती. पण मेरेआना तिच्याकडे बघत होती, भाच्या बघत होत्या, एरेनाने तर फोन वर धरला होता. पिरिहिराचे पाय जागचे हलले नाहीत.

मग रूपेने एकटाच गायला. घाबरल्यामुळे त्याला दुसरं काही सुचेना. लहान मुलांना आकडे शिकवायचं गाणं असतं, ते त्याने म्हटलं. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. सातपर्यंत आला आणि आठ विसरला. पोरांनी आठ, नऊ, दहा ओरडून पुरं केलं. सगळे टाळ्या वाजवत पुढे झाले, नाकाला नाक लावून भेटले. केरेआमानेही लावलं, जरा घाईघाईत.

पिरिहिरा मात्र स्वतःवरच चिडली होती. तिने बादली उचलली.

“द्या इकडे,” रूपेने म्हणाला.

“गाणं वाईट होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“शब्द तरी पाठ करायचे.”

“दहापर्यंत येतात मला. ट्रकमध्ये रोज ओंडके मोजायचो. पण तुमचे बंधू डोळे वटारून बघत होते.”

रानातली वाट नदीच्या कडेने वर चढत जायची. रातकिड्यांच्या भाऊबंदांनी, त्या उन्हाळी किड्यांनी, असा गजर लावला होता की पुढच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. शेपटीचा पंखा उघडत-मिटत एक इवलासा पक्षी त्यांच्या मागोमाग येत होता. माणसांच्या पायांनी उडालेल्या माश्या त्याला आयत्या मिळत होत्या. पहिला धबधबा पोरांचा. ती तिथल्या डोहात अंगाची घडी करून धबाधब उड्या टाकायला लागली, कोणाचं पाणी उंच उडतं याची पैज लावून.

मोठी माणसं पुढे निघाली. दर वळणाला कोणीतरी रूपेनेला काहीतरी द्यायचं. मेरेआनाने टोपली दिली. एका भाचीने दोन खुर्च्या दिल्या. केरेआमाने कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला, जणू खुंटीच ती. रूपेने सगळं घेत गेला.

“ओझ्याचं गाढव केलंत त्याचं,” पिरिहिरा वहिनीला म्हणाली.

“बघायला नको? तुझ्या पहिल्या नवऱ्याने लग्नाआधी माझं कपाट तीन घरं पलीकडून पाठीवर आणलं होतं.”

“पहिला नवरा काय! एकच होता.”

“तेच म्हणते मी. आत्तापर्यंत एकच होता.”

गढीच्या पायथ्याशी सगळे थांबले. डोंगराच्या उतारावर जुन्या माणसांनी कापलेल्या पायऱ्या गवताखालून अजून दिसत होत्या, रताळी साठवायचे खड्डेही. वर खाणंपिणं नेत नाहीत, म्हणून टोपली खालीच ठेवली, आणि केरेआमा नि रूपेने तेवढे वर जाऊन आले. दोघं गप्प गेले, गप्प उतरले. केरेआमाने ओंजळीने अंगावर पाणी शिंपडलं, मग रूपेनेच्या हातांवर ओतलं. त्या थोड्या वेळात थट्टा नव्हती. हात कोरडे झाले तशी ती परत आली.

मधल्या धबधब्यापाशी पाटी होती. ‘ते ताकांगा’तल्या शेवटच्या शब्दावर ओरखडे होते.

“दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी येतं,” केरेआमा म्हणाला, “आणि खरवडून त्यावर दुसरं नाव लिहितं. मग आम्ही ते पुसतो. डोंगरापलीकडून येत असावं कोणी.”

रूपेने मान वर करून झाडांचे शेंडे न्याहाळू लागला. “काय सुंदर पारवे आहेत इथे,” तो म्हणाला. शेंड्यावर एकही पारवा नव्हता.

आता चिखलाचं काम. चिखलाची जागा पिरिहिराच्या घरातल्या बायकांनी कधी कोणाला दाखवलेली नव्हती. नवऱ्यांनाही नाही. तिची आई जाताना तिला दाखवून गेली होती, आणि या वर्षी ती एरेनाला दाखवणार होती. केरेआमाला सुद्धा एवढंच ठाऊक होतं की ती जागा इथून जवळ आहे नि तिकडे बघायचं नसतं.

“पाहुण्याचं काय?” केरेआमा म्हणाला. “गुपित घेऊन पळाला तर? त्यांना पळायची सवय आहे.”

धबधब्याच्या माथ्यावरल्या सपाट खडकावर रूपेनेने घडीची खुर्ची उघडली, नदीकडे पाठ करून बसला आणि टोपलीतला टॉवेल काढून स्वतःच्या डोक्यावरून खाली सोडला. टॉवेलवर मोठाली सूर्यफुलं होती.

“जा,” टॉवेलमधून आवाज आला. “मला काही दिसत नाही. वास फक्त येतोय. कांद्याचा.”

पिरिहिरा एवढी हसली की तिला नेच्यांच्या झुडपाला धरावं लागलं.

ती नि एरेना वर गेल्या. कुठून, ते सांगता येणार नाही. ओल्या सावलीत, शेवाळलेल्या दगडांच्या मागे ती जागा होती. पिरिहिराने आईने शिकवलेली प्रार्थना म्हटली, एरेनाने मागून म्हटली, मग दोघींनी कोपरापर्यंत हात घातले. थंडगार, लोण्यासारखा मऊ, रात्रीसारखा काळा चिखल वर आला. त्याला गंजलेल्या लोखंडाचा वास होता.

“लागेल तेवढाच घ्यायचा,” पिरिहिरा म्हणाली. “आणि बोटं झटकायची नाहीत. पुसायची.”

“नॅन,” एरेना म्हणाली, “तुला तो आवडतो का?”

“चिखलाकडे बघ.”

“बघतेय. आवडतो का?”

“भोपळा चांगला होता.”

“नॅन!”

“अगं, या वयात आवडणं म्हणजे काय सांगू तुला? फाटकापाशी गाडी वाजली की मी आधी केस नीट करते, आणि मग स्वतःला शिव्या देते. हे आवडणं असेल तर असेल.”

“मग सकाळी गायली का नाहीस त्याच्या बाजूने?”

पिरिहिरा उठली, कंबर सरळ केली, आणि सहज नेच्यांच्या फटीतून खाली नजर गेली. तिथून धबधब्याचा माथा स्वच्छ दिसत होता. टॉवेलखालचा रूपेने दिसत होता. आणि त्याच्यासमोर काठी नाचवत केरेआमा. मेरेआना नि बाकीच्या बायका खाली डोहाकाठी चादर पसरत होत्या, त्यांची पाठ होती. ऐकायला टॉवेलखेरीज कोणी नव्हतं, तरी केरेआमा रंगात आला होता.

“असा आला बघ धावत, तुझा पूर्वज!” त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. “इथे थांबला. खाली बघितलं. गुडघे असे, असे लटलटले!” आणि केरेआमाने गुडघे लटलटवून दाखवले. “मग मागे बघितलं, आमचे लोक! पुन्हा पुढे बघितलं, पाणी! मागे, पुढे, मागे...”

तिसऱ्या ‘मागे’ला त्याचा बूट शेवाळावर गेला. काठी एकीकडे, टोपी एकीकडे, आणि केरेआमा दोन्ही हातांनी हवेला धरायला बघत, दाणकन खाली गेला. मोठा धप्प आवाज झाला.

“केरेआमा?” टॉवेल म्हणाला. “पुढे काय झालं?”

“पडला! दादा पडला!” पिरिहिरा किंचाळली, पण धबधब्याच्या आवाजात तिचं किंचाळणं खाली डोहापर्यंत कुठे पोचणार?

पण आवाज पोचायची गरज पडली नाही. रूपेनेने टॉवेल फेकला, रिकामा खडक बघितला, कडेपाशी गेला. एकदाच खाली बघितलं. मग चष्मा काढून जपून खुर्चीवर ठेवला, चार पावलं मागे सरला, आणि धावत येऊन, इस्त्रीच्या शर्टासकट, बुटांसकट, त्याने स्वच्छ, सरळ उडी घेतली. पिरिहिराला त्याचे तळपाय दिसले, मग काहीच दिसलं नाही.

ती कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. बादली मात्र हातात होती, सांडली नव्हती. खाली डोहात केरेआमा फेसातून वर आला होता, थुंकत होता, हातपाय मारत होता. रूपेनेने त्याला मागून विजारीच्या खांद्यावरल्या पट्ट्यांना धरलं होतं.

“सोड! सोड मला! पोहता येतं मला!”

“येतं हो, उत्तम येतं,” रूपेने धापा टाकत म्हणाला. “फक्त तुम्ही धबधब्याकडे पोहताय. काठ इकडे आहे.”

बायकांनी दोघांना ओढून दगडावर बसवलं. केरेआमाच्या कपाळाला खरचटलं होतं, एका पायातला बूट गेला होता, आणि तोंडातून शब्दाऐवजी पाणीच येत होतं. मेरेआना त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती, काही पाणी निघावं म्हणून, काही रागाने.

“काय झालं? कोण पडलं?” सगळे विचारायला लागले. “आम्हाला दोन डोकीच दिसली.”

केरेआमाने कानातलं पाणी काढलं. भोवती सगळं घर जमलं होतं, पहिल्या धबधब्यावरची पोरंही धावत आली होती. त्याने छाती पुढे काढली.

“पाहुण्याला दाखवत होतो,” तो म्हणाला, “की धैर्याने उडी मारतात ती कशी असते. तर हा आला मागून घसरत. घराण्याची सवय, दुसरं काय.”

सगळ्यांच्या माना रूपेनेकडे वळल्या. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, बाह्यांवरच्या घड्या गेल्या होत्या, चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा नि लहान मुलासारखा दिसत होता.

“हो,” तो म्हणाला. “पाय घसरला माझा. शेवाळ फार आहे वर.”

हशा पिकला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. एका पोराने “ताकांगा! ताकांगा!” असा गजर सुरू केला.

पिरिहिराने बादली खाली ठेवली. कोपरापर्यंत काळे हात घेऊन ती गर्दीतून पुढे गेली, आणि सगळ्यांना दिसेल अशी रूपेनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“दादा पडला,” ती म्हणाली.

गजर थांबला.

“पिरी,” केरेआमा म्हणाला, “तू वर झाडीत होतीस. तुला काय दिसणार?”

“मला सगळं दिसतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. गुडघे लटलटवत होतास, शेवाळावर पाय दिलास आणि पालथा पडलास. आणि या माणसाने चष्मा काढून ठेवला, मागे जाऊन धाव घेतली आणि उडी मारली. तुझ्यासाठी. घसरायला निघालेला माणूस चष्मा काढून खुर्चीवर ठेवतो का?”

सगळ्यांनी माना वर करून खडकाकडे बघितलं. पाणी तेवढं पडत होतं.

“चष्मा तिथेच आहे,” एरेना त्या खडकाच्या कडेवरून ओरडली. “खुर्चीवर. मी पण बघितलं!”

केरेआमाने बहिणीकडे बघितलं. ती कोणाच्या शेजारी उभी आहे ते बघितलं. तिच्या काळ्या हाताचा पंजा रूपेनेच्या ओल्या पांढऱ्या शर्टावर कधी पडला होता, ते तिलाही कळलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले, मग पोट हलायला लागलं, आणि तो असा हसला की त्याला पुन्हा खोकला आला.

“बरं, बरं,” तो म्हणाला. “याने उडी मारली, मान्य. पण आज याने मारली म्हणून त्या दिवशी त्यानेही मारली, असं सिद्ध होत नाही. पाटी आहे तशीच राहणार!”

“राहू दे,” रूपेने म्हणाला. “आता जेवायचं का? मी शब्द देऊन आलोय.”

कोरडे कपडे फार नव्हते. केरेआमा बायकोचा फुलाफुलांचा झगा गुंडाळून बसला, रूपेने सूर्यफुलांच्या टॉवेलमध्ये. धुरावलेल्या ईल माशाचे तुकडे निघाले, बटाट्याच्या आंबवणाचा पाव निघाला, तळलेला पाव, गार कोंबडी, थर्मासमधला चहा. ईलचा पोटाकडचा तुपकट तुकडा घरात केरेआमाशिवाय कोणी घ्यायचं नाही. तो त्याने बोटांनी उचलला, क्षणभर बघितला आणि पाहुण्याच्या पानात टाकला.

“खा,” तो म्हणाला. “पट्टे ओढून माझ्या काखा सोलल्यास.”

परतताना व्हॅनमध्ये पिरिहिरा बोटांवरचा चिखल पुसत होती.

“खोटं का बोललास?” तिने विचारलं.

“तुझा भाऊ आहे. उद्या पुन्हा त्याला चार लोकांपुढे बोलायला उभं राहायचंय. माझं काय, मी व्हॅन चालवतो.”

“माझ्यासमोर असलं चांगुलपण चालायचं नाही. मी खरं ते सांगते, मग घरात भांडणं होतात. आमच्याकडे असंच असतं.”

“बरं.”

“आणि सकाळी मी गायला हवं होतं.”

“गाणं वाईटच होतं,” रूपेने म्हणाला. मग बऱ्याच वळणांनंतर, “रविवारी माझ्या बहिणींना भेटायला येशील?”

“किती आहेत?”

“पाच.”

“गाडी थांबव,” पिरिहिरा म्हणाली. पण हसत होती.

रविवारी ती गेली. पाचही बहिणी एकसारख्या रुंद, एकसारख्या मोठ्या आवाजाच्या. त्यांनी तिला आधी खायला घातलं, मग तिचे हात उलटे-सुलटे करून नखांत राहिलेला काळा रंग तपासला, मग तिची आई कोण, आजी कोण, दात स्वतःचे का, सगळं विचारून घेतलं. जेवणं झाल्यावर थोरली हारिआता तिच्या अंगावर भांडी पुसायचं फडकं टाकून म्हणाली, “चल, पाहुणी म्हणून फार बसलीस.”

मोरीपाशी सहा जणी. धबधब्याची गोष्ट तोवर तिथे पोचलीच होती.

“तुमचे पुरुष म्हणतात पडला,” हारिआता ताट विसळत म्हणाली, “आमचे पुरुष म्हणतात उडी मारली. आमच्या आजीने मात्र आम्हाला वेगळंच सांगितलंय. ते भाषणात येत नाही.”

“काय सांगितलंय?”

“त्याची बायको होती बरोबर. हा कडेला उभा राहून विचार करत बसला. मागे बघ, पुढे बघ, मागे बघ. ती म्हणाली, ‘शत्रूला चहा द्यायचाय का?’ आणि दिलं ढकलून. मग स्वतः मारली उडी.”

“तेव्हा चहा कुठे होता?” धाकटी म्हणाली.

“तुला गोष्ट ऐकायचीय का हिशेब करायचाय?”

पिरिहिरा इतकी हसली की ताट हातातून निसटलं; ते हारिआताने अधांतरी झेललं. “हे मी दादाला सांगू का?” तिने डोळे पुसत विचारलं.

“सांग की. पण आधी त्याच्या बायकोला सांग.”

संध्याकाळी रूपेनेने तिला घरी सोडलं. गाडी फाटकापाशी थांबली. त्याने इंजिन बंद केलं नाही, गिअरही टाकला नाही. नुसता स्टिअरिंग पुसत राहिला. पलीकडे गाई कुंपणाला मान घासत होत्या.

“गुरुवारी ये,” पिरिहिरा उतरता उतरता म्हणाली. “छपराच्या पन्हळीत पानं साचलीत. शिडी आहे माझ्याकडे.”

“येतो.” त्याने स्टिअरिंग पुसणं थांबवलं. “आणि शुक्रवारी?”

“शुक्रवारचं,” ती म्हणाली, “पन्हळ कशी साफ करतोस ते बघून ठरवू.”